दुरुस्त केलेला आवाज

नागपूर,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय धम्मू,

जय भीम.

इकडं सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. थंडी चांगली पडली आहे. तुझ्या भाऊजीचा गुडघा कुरकुर करून राहिला, पण जितेंद्रले डॉक्टरकडं न्यायचं म्हणजे बैलाले जिना चढवायचा. कामिनीले विचारलं म्हणून सांगजो, अन् तुमच्या पिंकीचा समोरचा दात पडल्याचा फोटो पाहिला. हसली की अगदी आपल्या आईसारखी दिसते पोट्टी.

पाकीट पाहून तुले हसू आलं असेल. ताई स्पीड पोस्टनं पत्र पाठवून राहिली, या जमान्यात! हस. पण फोन मी करणार नाही, अन् आवाज रेकॉर्ड करून तं बिलकुलच पाठवणार नाही. माझा आवाज आता तुझ्याकडं जाऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं आहे. काहून, ते तुले माहीत आहे. तुझ्या मशीनले कागदावरचंही वाचता येत असेल म्हणा. माझं अक्षर त्यानं वाचून दाखवलं तं मी शाळेत त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करीन.

शाळेवरून आठवलं. परवा आमच्याकडं वादविवाद स्पर्धा झाली. विषय तोच, आपल्या आजापासून चालत आलेला, विज्ञान शाप की वरदान. विज्ञानाची बाई म्हणून मले परीक्षक केलं. शापवाले काय अन् वरदानवाले काय, सगळ्यायची भाषणं मोबाईलनं लिहून दिलेली. दोन्ही बाजूनं एकच वाक्य येऊन राहिलं होतं, तंत्रज्ञान हे दुधारी शस्त्र आहे. शेवटी एका पोट्टीले मी विचारलं, "दुधारी म्हणजे काय वं?" ती म्हणे, "दुधाचं, मॅडम." मी तिलेच पहिला नंबर दिला. मुख्याध्यापक नाराज झाले, होऊ दे. निदान ते उत्तर तरी तिचं स्वतःचं होतं.

आज रविवार. बाबा असते तं आतापर्यंत चहाच्या दुसऱ्या कपावर भांडण पेटलं असतं. तुले आठवते ना? कोळसा खाणीतल्या इलेक्ट्रिशियनचं घर, पण रविवारी तिथं संसद भरायची. मायक्रोवेव्हमधल्या अन्नात जीव राहत नाही काय, टॉवरनं चिमण्या मेल्या काय, अंगात येते ते खरं काय. शेजारचे रुपरावकाका मुद्दाम उलटी बाजू घ्यायचे, म्हणजे चहा वाढावा. अन् बाबांचा एकच प्रश्न, "पुरावा काय?" ग्रहणात सगळी गल्ली दारं लावून बसली होती, तवा बाबानं आपल्या दोघायले ओसरीवर बसवून तर्री-पोहे खाऊ घातले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसावं म्हणून. मी आज विज्ञान शिकवते ते त्या पोह्यांच्या जोरावर.

बाबा ठासून सांगायचे, माणूस गेला की संपला. आत्मा नाही, भटकणं नाही, परत येणं नाही. अन् अशा माणसाले तू त्याच्याच वर्षाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मोबाईलमध्ये परत आणून बसवलं!

तुझा हेतू वाईट नव्हता, हे मी तवाही मान्य केलं होतं. बाबा गेले अन् आईच्या बीपीच्या गोळ्या सुटल्या. रोज सकाळी तेच विचारायचे, गोळी घेतली काय म्हणून. विचारणारा गेला, तं गोळीही गेली. मी ओरडून थकली. तू म्हटलं, ताई, आमची कंपनी आवाजच बनवते, बाबांची विहारातली भाषणं रेकॉर्ड आहेतच, रोज सकाळी त्यांच्याच आवाजात आईला आठवण करून देऊ. पाहुणे जेवून गेल्यावर तू आईसाठी आणलेला फोन टेबलावर ठेवला अन् बोट लावलं.

"सिंधू, उठलीस का? तुला गोळी घ्यायची आहे. मला तुझी काळजी वाटते."

माझ्या अंगावर काटा आला, अन् लगेच डोकं सणकलं. गळा बाबांचा, बोलायच्या आधीचं खाकरणंसुद्धा त्यायचं. भाषा मात्र पुण्याच्या बँकेतली. म्हणे मला, म्हणे तुला! बाबा माईकसमोर उभे राहिले की "मला, तुला" करायचे, अन् पायरी उतरली की "मले, तुले". तू माईकवाले बाबा मशीनमध्ये घातले. घरातल्या बाबाले कोणी कधी रेकॉर्डच केलं नव्हतं. अन् तुझी भाषाही आता तशीच झाली आहे, म्हणून तुले खटकलं नाही.

आई काय करून राहिली होती, ते तू पाहिलं नाही. तू फोनकडं पाहून राहिला होता. ती ताटं उचलता उचलता थांबली. ताटं पुन्हा खाली ठेवली. पदर सारखा केला अन् म्हणाली, "अजून एकदा लाव बरं, बाबू."

त्यानंतर आपलं फोनवर जे झालं ते झालं. तू म्हटलं, भिंतीवर बाबांचा फोटो चालतो, त्याला हार चालतो, मग आवाजानंच काय पाप केलं? खरं सांगू, तो प्रश्न मले रात्रभर बोचला. बाबा असते तं त्यायनं तुझीच बाजू घेतली असती काय, असंही वाटून गेलं. दुसऱ्या दिवशी मले उत्तर सापडलं. फोटो काही विचारत नाही. फोटोले उत्तर द्यावं लागत नाही. तू आईले मेलेल्या माणसाले उत्तर द्यायले लावलं, हे माझं म्हणणं होतं. आजही आहे. पण आता त्या म्हणण्याले मले फार किंमत द्यावीशी वाटत नाही.

कारण आई बदलली होती. सकाळी मी शाळेत जाताना तिच्याकडं डोकावते, तं ती साडेसातच्या आत अंघोळ करून बसलेली. केसाले तेल, धुतलेलं पातळ, खुर्ची फोनच्या बाजूले ओढलेली. गोळी घ्यायची, मग पुन्हा एकदा लावून आयकायची. मोनाली, आपली मामेबहीण, भेटायले आली होती, तिले चहा देता देता आईनं मधातच लावून दाखवलं. मले शरम वाटली. वाटलं, आई बह्याडली.

म्हटलं, "आई, ते बाबा नोहोत. कळते ना तुले?"

"कळते वं. मी काय येडी आहो? मशीन आहे ते, धम्मूनं केलेलं."

"मग?"

"मग काय? गोळी घेऊन राहिली ना मी? तुले काहून जळफळाट होते?"

मले झालाच जळफळाट. माझ्या बाबाची अशी नकली मूर्ती करून घरात बसवलेली मले पाहवेना. मी तुले फोन लावला अन् धुतलं. एकेक चूक मोजून सांगितली. बाबा "मला" म्हणत नव्हते. "उठलीस का" म्हणत नव्हते. "काळजी वाटते" असं बोलले असते तं त्यायचीच जीभ अडखळली असती. अन् आईले नावानं हाक? जन्मात नाही! "अवं" म्हणायचे. आंगणातून ओरडायचे, "अवं, आयकलं काय वं?" मी तुले तोंडानं करून दाखवलं, बाबांचा तो वरच्या पट्टीत जाणारा "वं" घेऊन. लहानपणापासून त्यायची नक्कल मलेच जमते, तुले नाही. तू तिकडून चूप होता. मले वाटलं, पोट्टं शरमलं. तू तं रेकॉर्ड करून राहिला होता.

तुझा मेसेज आला, "ताई, थँक यू. तुझ्यामुळे आता परफेक्ट झालंय. उद्या सकाळी ऐक."

आयकलं मी. मुद्दाम आईकडं जाऊन बसली. आई तयार होऊन खुर्चीत होती, हात मांडीवर ठेवून. साडेसात वाजले.

"अवं! आयकलं काय वं? गोळी घेतली काय?"

धम्मू, मी उभी राहिली रे. ते बाबा होते. खाणीतून सायकलनं येऊन फाटकाले सायकल टेकवणारे, घामेजलेले, भूक लागलेले बाबा. चाल माझ्या नकलेची अन् गळा त्यायचा. मी तोंडाले ओढणी लावून रडली. त्या मिनिटाले मी तुझ्यापुढं हरली होती, अन् मले हरल्याचं वाईटही वाटून राहिलं नव्हतं. मी आईकडं पाहिलं, म्हटलं आता आईही रडत असेल.

आई म्हणाली, "हो, घेतली." जन्मभर जशी म्हणत आली तशीच, कोरड्या तोंडानं. गोळी घेतली नव्हती. पाकीट समोर तसंच पडलं होतं. तिनं फोन उचलला, फ्रिजच्या डोक्यावर नेऊन ठेवला अन् भाकरीचं पीठ काढायले गेली.

तो फोन अजून तिथंच आहे. चार्जिंग संपून बंद पडला. तू विचारून राहिला होता ना, आई गोळी घेतल्याचं बटन दाबत नाही वाटतं, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे का? मी "पाहते" म्हटलं अन् पाहिलं नाही. नेटवर्कचा प्रॉब्लेम नाही.

आता जे तुले सांगितलं नाही ते सांगते. गोळ्या तवापासून पुन्हा बंद होत्या. मागच्या आठवड्यात आई आंगणात कपडे वाळत घालता घालता चक्कर येऊन पडली. तारेले धरायले गेली, तं तारेसकट खाली आली. रुपरावकाकाच्या पोराय‌नं उचलून दवाखान्यात नेलं. बीपी एवढं वाढलेलं होतं की डॉक्टरीणबाईनं मलेच झापलं. म्हणे, या वेळेस वाचल्या, गोळी अशीच चुकवत राहिल्या तं लकवा मारेल, मग बसा उशाले. तुले कळवलं नाही कारण आईनं कळवू दिलं नाही, अन् मलेही तुझ्याशी बोलायचं नव्हतं. कोपराले मार लागला आहे. हाड शाबूत आहे.

काल दुपारी आम्ही दोघी उन्हात बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलून राहिलो होतो. सोलेभात करायचा होता. मी पुन्हा तेच दळण सुरू केलं. गोळी आपल्या मनानं काहून घेत नाही, तुले मरायचं आहे काय, धम्मूनं एवढी मेहनत केली, आता तं आवाजही हुबेहूब झाला.

आई म्हणाली, "पहिलेवालं चांगलं होतं."

"कोणतं पहिलेवालं?"

"ते चुकीचं बोले ते."

मले हसूच आलं. म्हटलं, "आई, त्यात बाबासारखं काय होतं वं? बाबानं तुले कधी सिंधू म्हटलं होतं काय?"

"तेच तं," आई म्हणाली.

मी तरीही समजली नाही, पाहा. पोट्ट्यायले शिकवते मी, निरीक्षण करा, अनुमान काढा. आईच शेंगा सोलता सोलता बोलत राहिली, माझ्याकडं न पाहता. "लग्न होऊन आली, तं सासू म्हणे बळीरामची बायको. तू झाली, तं मायाची माय. खाणीच्या क्वार्टरात मिस्त्रीणबाई. विहारात माताजी. अन् ह्यायचं आपलं अवं. माह्यं नाव राशन कार्डावर राहे अन् दवाखान्याच्या चिठ्ठीवर. माह्यी माय मेली, त्याच्यानंतर कोणाच्या तोंडून आयकलंच नाही. तुमचं बरं आहे वं. तू अन् जितेंद्र भांडतानाही एकमेकाचं नाव घेऊन भांडता."

मग मले तो किस्सा आठवला, जो आपण दोघं इतकी वर्षं हसून हसून सांगत आलो. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईनं विचारलं, पेशंटचं नाव? अन् बाबा म्हणे, "पेन द्या, लिहून देतो." ती म्हणे, काका, बोला ना, मी लिहिते. बाबा म्हणे, "नाही, लिहूनच देतो." मोनालीच्या लग्नात तूच माईकवर हा किस्सा सांगितला होता. बाबाही हसले होते, म्हणे, "सवय नाही ना गा." आई हसली होती काय, मले आठवत नाही. आपण तिच्याकडं पाहिलंच नव्हतं.

ग्रहणात पोहे खाणारा माणूस, धम्मू! देव्हारे बंद करा म्हणून गावोगाव बोलणारा माणूस. स्त्री-पुरुष समानतेवर बोलायले उभे राहिले की बायका डोळे पुसायच्या, अन् आपली आई मागं पाहुण्यांच्या चहाचं पाहत असायची. त्या माणसाले खिडकीपाशी बायकोचं नाव घ्यायची लाज वाटली. सगळ्या दुनियेले पुरावा विचारणाऱ्या बाबाले आपण एकदाही विचारलं नाही, की बाबा, नाव घेतलं तं काय होते? मले राग येऊन राहिला बाबांचा. वर्षभर मी त्यायच्यासाठी रडली, अन् काल पहिल्यांदा राग आला. कोणाले सांगू? तुले सांगून राहिली.

आई म्हणाली, "मशीन आहे, हे मले पहिल्या दिवशीच माहीत होतं. पण गळा तं त्यायचा होता ना. त्या गळ्यातून माह्यं नाव कसं निघते, हे कधी आयकलंच नव्हतं." अन् हातातली शेंग सोलून म्हणाली, "चांगलं निघे."

तू पुण्यात राहिला, तिकडं नवरे बायकोले नावानं हाक मारतात, तू कामिनीले मारतो, म्हणून तुले वाटलं सगळ्याच घरात असं असते. आपल्या घराचं तू विसरला होता. विसरला म्हणूनच ते नाव टाकलं. तुझ्या त्या सगळ्या कारभारात तू चुकला तेवढंच एक बरोबर होतं, अन् ते मी तुझ्याकडून दुरुस्त करून घेतलं. माझ्याच तोंडानं तुले "अवं" शिकवलं. लाल पेन घेऊन बसायची सवय, दुसरं काय!

मी शेंगाचं सूप बाजूले सारलं अन् उठली. म्हटलं, "आई, थांब. मी आत्ता धम्मूले फोन लावते. एका मिनिटाचं काम आहे त्याले. जसं होतं तसं करून देईल. सकाळी सिंधू, संध्याकाळी सिंधू, पाहिजे तेवढ्या डाव सिंधू म्हणीन ते."

आईनं माझा हात धरला. चांगला घट्ट धरला, कोपर दुखत असतानाही.

"नको," म्हणाली. "सांगून घ्यायचं असतं, तं मी त्यायलेच नसतं काय सांगितलं?"

अन् मले खाली बसवून सूप पुन्हा मधात ओढलं.

म्हणून तुले मी काही करायले सांगून राहिली नाही, धम्मू. उलट बजावून सांगते, काही करू नको. ते नाव परत घालू नको. आवाज गोड करू नको. हे वाचून तुले वाटेल, आईला कळणार नाही, गुपचूप पहिलं लावून देऊ. तिले कळीन. तिच्यासाठी केलं म्हणून कळीन, अन् मग ते तिच्या काही कामाचं राहणार नाही. तो फोन मी परत पाठवून राहिली नाही, फ्रिजवर राहू दे.

गोळीचं मी पाहते. सकाळी शाळेच्या आधी जाते, पाण्याचा गिलास अन् गोळी हातात देते, गिळेपर्यंत उभी राहते. ती घेते, कारण मी हलत नाही. आज सकाळी दारात उभी राहून मी तिले नावानं हाक मारायचा प्रयत्न केला. नाही निघालं. आईच निघालं तोंडातून. लेकराच्या तोंडून ते शोभतही नाही, अन् तिले ते माझ्याकडून पाहिजेही नाही.

तू येत जा. मशीन नको पाठवू, तू ये. फोन करशील तं आपल्या आवाजात कर, अन् तिच्याशी "मले-तुले" बोल, लाज वाटत असेल तरी. तुझ्यावर माझा राग आहे, तो काही एका पत्रात जाणार नाही. माझी नक्कल न विचारता घेतली, त्याचा तं आहेच. पण या वेळेस मी स्वतःवर जास्त चिडली आहो, अन् बाबावर त्याहून.

पत्राच्या शेवटी मोठ्यायचे आशीर्वाद लिहायचे असतात. आई बाजूलेच बसली आहे, सोलेभाताची खरड काढून खाऊन राहिली. विचारलं, काय लिहू? म्हणाली, "आईकडून आशीर्वाद, लिही." मी म्हटलं, "नाव लिहू काय तुझं?" तं म्हणाली, "नाव कायले? त्याले माहीत आहे."

माहीत तं बाबालेही होतं.

ताई